बोरघाट आणि तापलेले इंजिन

खोपोली सोडली की जुना मुंबई-पुणे रस्ता वळणे घेत चढू लागतो आणि खंडाळा येईपर्यंत जवळजवळ ५०० मीटर उंची गाठतो. आजच्या गाडीत बसलेल्यांना हा चढ फारसा जाणवतही नाही. पण १९६० ते १९९० या काळात मोटारीने पुण्याला निघणाऱ्या कुटुंबात आदल्या रात्रीपासूनच त्याची चर्चा असे. रेडिएटरला पाणी घातले का? फॅन बेल्ट पाहिला का? बरोबर कॅन घेतला का? मे महिन्याच्या दुपारी घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर नेहमी दिसत. पुढून वाफ निघत असे, मागच्या चाकाला दगड लावलेला असे आणि झाडाखाली मुले डब्यातले थालीपीठ खात गाडी थंड व्हायची वाट पाहत बसलेली असत.

या उभ्या गाड्यांच्या आधाराने महाराष्ट्रात एक कसब वाढले. गाडी का तापली हे ओळखण्याचे आणि हाताशी असेल त्या साधनांनी ती पुन्हा चालती करण्याचे. ते कुठल्या अभ्यासक्रमात शिकवले जात नव्हते. खोपोलीच्या गॅरेजपासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत ते मिस्त्रीकडून पोऱ्याकडे गेले. त्यात पक्की तर्कशुद्धता होती, काही हट्टी चुकाही होत्या. दोन्हींची नोंद राहायला हवी, कारण त्या कसबाला जन्म देणारी यंत्रे आता रस्त्यावरून जवळजवळ गेली आहेत.

बोरघाटाने मोटारींच्या कितीतरी आधीपासून वाहनांची परीक्षा घेतली होती. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० साली, इथला गाडीरस्ता खुला झाला आणि कोकणातला माल चाकांवरून देशावर येऊ लागला. १८६३ मध्ये रेल्वेने घाट सर केला, तोही वाटेत गाडीची दिशा उलटवणारे स्थानक बांधून, कारण सलग चढ घेणे तेव्हा जमण्यासारखे नव्हते. इंग्रज अभियंत्यांना ही वाट शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली, अशी आख्यायिका आहे. घाटातल्या त्याच्या देवळापाशी ड्रायव्हर आजही नाणे टाकतात. मोटारी आल्यावर या थांब्याला आणखी एक उपयोग मिळाला. देवाला हात जोडेपर्यंत इंजिनाला श्वास घेता येई.

मुळात इंजिन थंड ठेवण्याचा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. इंधन जळून जी ऊर्जा निर्माण होते तिचा जेमतेम चौथा हिस्सा जुन्या पेट्रोल इंजिनात चाकांपर्यंत पोचतो. बाकीची सगळी उष्णता धुराड्यातून आणि पाण्यातून बाहेर टाकावी लागते. १८८६ मध्ये कार्ल बेंझने बनवलेल्या तीनचाकीत पाणी सरळ उकळून वाफ होऊन उडून जाई. १८८८ मध्ये त्याची पत्नी बेर्था मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला त्या गाडीने गेली, तेव्हा तिला वाटेत पुन्हा पुन्हा थांबून पाणी भरावे लागले. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास हा असा पाणी शोधत झालेला प्रवास होता.

यातून सुटका केली ती विल्हेल्म मायबाखने. त्याने १९०१ च्या मर्सिडीज ३५ एचपी गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचा रेडिएटर तयार केला. सहा मिलिमीटरच्या चौकोनी तोंडाच्या ८०७० नळ्या एकमेकींना जोडून ही जाळी केलेली होती. हवा नळ्यांमधून आणि पाणी त्यांच्या फटींमधून जाई. हवेला भिडणारा पृष्ठभाग एवढा वाढला की ९ लिटर पाण्यात काम भागले. पुढे फोर्डच्या मॉडेल टी गाडीने पंपच काढून टाकला. गरम पाणी वर चढते, थंड पाणी खाली उतरते, एवढ्याच नियमावर तिचे पाणी फिरे. सपाटीवर हे चाले, लांब चढावर मात्र ही गाडी उकळण्यासाठी प्रसिद्ध होती. हळूहळू पंप, पट्ट्यावर फिरणारा पंखा, दाब धरणारे झाकण आणि थर्मोस्टॅट अशी सगळी जुळणी पक्की झाली. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्ये गाड्या जुळवायला सुरुवात केली, तेव्हा इथल्या मिस्त्रींच्या हाती ही यंत्रणा जवळजवळ पूर्ण रूपातच पडली.

घाटात जी गाडी सर्वांत जास्त दिसे ती मात्र कुर्ल्याची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि स्वातंत्र्यानंतर या कंपनीने इटलीच्या फियाटशी हातमिळवणी केली. १९५४ पासून फियाट ११०० इथे बनू लागली. १९६४ मध्ये डिलाइट आली आणि १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, बिडाचा ब्लॉक आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे हेड. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी हीच आणि दादरहून पुण्याला जाणारी शेअर टॅक्सीही बहुतेक वेळा हीच. ड्रायव्हर धरून पाच-सहा माणसे, टपावर सामान आणि समोर घाट.

घाटात ती तापे त्यामागे साधे गणित होते. चढावर इंजिन पूर्ण ताकद लावत असते, म्हणजे सर्वाधिक उष्णता निर्माण करत असते. त्याच वेळी गाडीचा वेग कमी असल्याने समोरून येणारा वारा मिळत नाही. भरीस भर म्हणजे खोपोलीहून वर जाताना गाडीचे तोंड ढोबळमानाने पूर्वेला असते आणि उन्हाळ्याच्या दुपारी वारा समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो. तो पाठीमागून लागला की रेडिएटरमधून जाणारी हवा आणखी घटते. अशा वेळी सगळा भार पंख्यावर पडतो. पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरत असल्याने इंजिन जितके वेगात, तितकाच पंखा वेगात.

म्हणूनच जुने ड्रायव्हर नवशिक्याला एकच गोष्ट बजावत: तिसऱ्यात ओढू नकोस, दुसरा टाक. तिसऱ्या गिअरमध्ये रडतखडत चढणाऱ्या गाडीचे इंजिन हळू फिरते, पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही मंदावतात आणि भार मात्र तेवढाच राहतो. दुसऱ्यात आवाज वाढतो, पेट्रोल थोडे जास्त जाते, पण पाणी आणि हवा दोन्ही खेळती राहतात. काटा वर गेला तर गाडी थांबवायची, पण इंजिन लगेच बंद करायचे नाही. ते किंचित रेस करून पंखा फिरता ठेवायचा आणि काटा उतरला की मग किल्ली फिरवायची. पाणी बाहेर पडत असेल तरच तत्काळ बंद.

गाडी उभी राहिली की पुढचे काम मिस्त्रीचे. चांगला मिस्त्री बॉनेटला हात लावण्याआधी प्रश्न विचारत असे आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे: गाडी कधी तापते? या एका उत्तरातून अर्धे निदान होई. गर्दीत, सिग्नलला तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, तर दोष हवेत: पट्टा सैल, पंख्याची पाती तुटलेली किंवा जाळीच्या पत्र्यांत चिखल आणि किडे अडकलेले. मोकळ्या रस्त्यावर वेगात किंवा चढावर तापते आणि शहरात बरी चालते, तर पाणी पुरेसे फिरत नाही: रेडिएटर आतून चोक झालेला. सकाळी चालू केल्यावर पाच-सात मिनिटांतच तापते, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल किंवा हेड गॅस्केट गेली असेल. पाणी बदलल्यावर तापायला लागली, तर आत हवा कोंडली आहे.

मग तपासणी सुरू होई, बाहेरून आत, फुकटच्या गोष्टींपासून खर्चाच्या गोष्टींकडे. आधी पाण्याची पातळी. ती पाहण्यासाठी झाकण उघडायचे तर इंजिन निवलेले हवे, आणि हा नियम पाळला नाही म्हणून किती ड्रायव्हर-क्लीनर हातातोंडावर भाजले असतील याची गणतीच नाही. झाकणाची स्प्रिंग आतले पाणी दाबून धरते. जुन्या गाड्यांत सर्रास असणाऱ्या सात पौंडांच्या झाकणाने पाणी १०० ऐवजी ११० अंशांच्याही पुढे जाऊन उकळते. झाकण काढताच दाब जातो आणि ११० अंशांच्या पाण्याची क्षणात वाफ होऊन ते कारंज्यासारखे अंगावर येते. याच कारणाने झाकणाचे रबर कुजले किंवा स्प्रिंग सैल पडली, तर बाकी सगळे ठाकठीक असूनही गाडी पाणी फेकू लागते. दहा-वीस रुपयांच्या झाकणासाठी हेड उघडण्याची वेळ आलेली कुटुंबे त्या काळात होती.

पाण्यानंतर पट्टा. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबून तो किती खाली जातो हे पाहायचे. मग होज पाइप. वरचा पाइप फुगतो, त्यामुळे त्याचा दोष डोळ्यांना दिसतो. खालचा फसवतो. पंप खालच्या पाइपमधून पाणी ओढत असतो, म्हणून त्यात आकार धरून ठेवायला स्प्रिंग बसवलेली असते. ती गंजून गेली आणि रबर मऊ पडले, की इंजिन वेगात फिरताच पाइप चपटा होतो आणि पाण्याचा रस्ताच बंद होतो. गाडी उभी असताना सगळे ठीक, घाटात मात्र उकळणार. हे सापडायचे तर एकाने इंजिन रेस करायचे आणि दुसऱ्याने वाकून त्या पाइपकडे पाहत राहायचे, एवढाच उपाय.

घाटात आणखी एक रोग होता, जो तापण्यासारखाच दिसे पण वेगळा होता. इंजिन एकाएकी आचके देऊन बंद पडे आणि पुन्हा चालू होत नसे. रेडिएटर जागेवर, पाणी जागेवर. दोष पेट्रोलच्या पंपात असे. इंजिनाला चिकटून बसलेला हा पंप इतका गरम होई की आतल्या पेट्रोलचीच वाफ होऊन पुरवठा तुटे. जाणता ड्रायव्हर रेडिएटरकडे पाहतही नसे. बंपरला टांगलेल्या छागलीतल्या पाण्यात फडके भिजवून ते पंपावर गुंडाळी आणि दहा मिनिटांत गाडी हाकू लागे. अनोळखी माणूस मात्र रेडिएटर उघडून हात भाजून घेई.

बाहेरचे सगळे तपासून झाले तरी गाडी तापतच असेल, तर रेडिएटर उतरवून रेडिएटरवाल्याकडे न्यावा लागे. नाना पेठेत, कुर्ल्यात, कोल्हापुरात आणि जिल्ह्याच्या बहुतेक गावांत एसटी स्टँडच्या आसपास ही दुकाने असत. समोर पाण्याचा हौद, भिंतीला टेकलेल्या जुन्या जाळ्या, जमिनीवर ब्लो-लॅम्प आणि नवसागराचा खडा. रेडिएटर तेव्हा तांब्या-पितळेचा असे आणि कथलाने झाळलेला. म्हणूनच तो उघडता येई आणि पुन्हा बंदही करता येई.

काम सुरू होई ते हौदात. रेडिएटरची तोंडे लाकडी किंवा रबरी बुचांनी बंद करून एका नळीतून हवा भरायची आणि तो पाण्यात बुडवायचा. बुडबुडे जिथून येतील तिथे खडूची खूण. मग ब्लो-लॅम्पच्या ज्योतीने वरची टाकी कडेकडेने तापवायची. कथील पाघळले की टाकी एका हिसक्यात सुटे आणि आत नळ्यांची रांग दिसे. अर्ध्या नळ्यांची तोंडे पांढऱ्या-तांबूस क्षारांनी बुजलेली. चपटी, लवचिक पोलादी पट्टी घेऊन कारागीर एकेक नळी वरपासून खालपर्यंत खरवडून काढी. जोर जास्त झाला तर नळी फाटते, कमी झाला तर क्षार तसाच राहतो. फाटलेली नळी दोन्ही टोकांना झाळून कायमची बंद करायची. अशा किती नळ्या बंद करणे चालेल आणि कधी नवी जाळीच घालायची, हे तो गिऱ्हाइकाला आधीच सांगे. शेवटी टाकी पुन्हा जागेवर, सांध्यावर कथलाची सलग धार, आणि पुन्हा हौदात बुडवून खात्री.

हे क्षार कुठून आले, याचे उत्तर महाराष्ट्राच्या जमिनीत आहे. मुंबईच्या नळाचे पाणी तलावांतले, सौम्य. देशावरच्या बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड. गाडी वाटेत तापली की जे मिळेल ते पाणी ओतले जाई. त्यातले पाणी वाफ होऊन जाई आणि क्षार नळ्यांत राहत. मिस्त्री म्हणत, पाणी खाणारी गाडी लवकर चोक होते, आणि ते अगदी बरोबर होते: जितक्या वेळा नवे पाणी, तितका नवा क्षार.

पण मिस्त्रींच्या सगळ्याच समजुती बरोबर नव्हत्या. त्यांतली सर्वांत मोठी चूक थर्मोस्टॅटची. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेटने मेणाच्या गोळीवर चालणारा थर्मोस्टॅट शोधला. मेण वितळून फुगते आणि झडप ढकलून पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी करते. इंजिन लवकर ऊब धरावे आणि मग एका ठरावीक तापमानाला राहावे, हे त्याचे काम. आपल्याकडे मात्र, 'हा थंड देशांसाठी आहे, इथे त्याची गरज नाही' असे सांगून तो सरसकट काढून टाकला जाई. त्यात भीतीही होती. अस्सल भाग मिळत नसे आणि बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट इंजिन जाळू शकतो. पण तो काढून टाकलेल्या गाडीत इंजिन गरजेपेक्षा थंड राहते, कच्चे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते, पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर लवकर झिजतात आणि पेट्रोल जास्त जाते.

थर्मोस्टॅट चांगला आहे की नाही हे तपासणे तर किती सोपे होते! पातेल्यात पाणी घेऊन गॅसवर ठेवायचे, थर्मोस्टॅट दोऱ्याने तळाला टेकणार नाही असा आत सोडायचा आणि झडपेकडे लक्ष ठेवायचे. पाण्याला उकळी फुटण्याच्या थोडे आधी, साधारण ८२ ते ८८ अंशांना, झडप सावकाश उघडायला हवी. पाणी खळखळा उकळूनही ती उघडली नाही, तर निकाल लागला.

दुसरी चूक धुण्याच्या सोड्याची. बिडाच्या जुन्या इंजिनांत गंज आणि चिकटा काढायला सोड्याचे पाणी चाले. अ‍ॅम्बेसेडरचे हेड बिडाचे, तिला ते सोसे. तीच युक्ती फियाटला केली की सोडा अ‍ॅल्युमिनियमचे हेड खाऊ लागे. आणि तिसरी, सर्वांत महागडी चूक घाईची: तापून लाल झालेल्या इंजिनात थंडगार पाण्याची बादली. एका बाजूने एकाएकी आकसलेले हेड वाकते किंवा त्याला चीर जाते.

हेड वाकले की गॅस्केट फुटते आणि मग खुणा उघड होतात. डिपस्टिकला लागलेले ऑइल दुधाळ दिसते. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि तो इंजिन गरम झाल्यावरही थांबत नाही. चार प्लगपैकी एकच धुतल्यासारखा स्वच्छ निघतो, कारण त्या सिलिंडरमध्ये पाणी जाते आहे. शंका उरलीच तर मिस्त्री थंड गाडीचा फॅन बेल्ट उतरवी, म्हणजे पंप पाणी ढवळणार नाही. झाकण उघडे ठेवून इंजिन चालू करी आणि रेडिएटरच्या तोंडात पाहत राही. बुडबुड्यांची माळ लागली की जळालेला वायू पाण्यात शिरतो आहे हे नक्की. मग हेड उतरवायचे, त्यावर सरळ पट्टी उभी धरून खालून फीलर गेजचे पाते सरकवून पाहायचे आणि वाकले असेल तर लेथवाल्याकडे फेसिंगला पाठवायचे. बसवताना नट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आवळायचे. एका बाजूने आवळत गेले की महिन्याभरात तेच दुखणे परत येते.

एवढा खटाटोप लोक का करत, याचे उत्तर त्या काळच्या बाजारात होते. परवान्यांच्या राज्यात गाडी नोंदवल्यावर हाती यायला वर्षानुवर्षे लागत. नवी मिळत नाही म्हटल्यावर जुनी वीस-पंचवीस वर्षे वापरायची आणि सुटा भाग मिळत नाही म्हटल्यावर तोच दुरुस्त करायचा. रेडिएटर झाळणारा, हेड घासणारा, पंपाची बेअरिंग बदलणारा, या सगळ्यांची पोटे या टंचाईवर भरत आणि टंचाईनेच त्यांचे हात तयार केले.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि चित्र बदलू लागले. तिचे इंजिन आडवे बसवलेले, पंखा विजेवर चालणारा आणि पाणी एका मर्यादेपलीकडे तापले की स्विचने आपोआप सुरू होणारा. घाटात गाडी हळू असो की वेगात, पंखा आपल्याच वेगाने फिरणार. गाडी तापली तर मिस्त्रीने पंख्यासाठी पट्टा पाहण्याचे कारण उरले नाही. तो स्विचच्या दोन वायरी जोडून पंखा फिरतो का ते पाही. फिरला तर स्विच गेलेला, नाही फिरला तर फ्यूज किंवा मोटर. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, घाटाचा काही भाग बोगद्यांतून गेला आणि चढ सौम्य झाला. पुढे रेडिएटरही बदलला. अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि तिच्यावर दाबून बसवलेल्या प्लास्टिकच्या टाक्या. प्लास्टिकला चीर गेली की ती कथलाने झाळता येत नाही. हौद आणि ब्लो-लॅम्पची दुकाने ट्रक, ट्रॅक्टर आणि जनरेटरच्या कामांवर तगली. बरीच बंद झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवली गेली होती. वीस वर्षांच्या मर्यादेनुसार ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून उतरली.

आजच्या अनेक लहान गाड्यांत तापमानाचा काटाच नाही, फक्त तांबडा दिवा आहे. होज फुटून पाणी पूर्ण वाहून गेले, तर संवेदक पाण्याऐवजी हवेत उघडा पडतो आणि दिवा वेळेवर लागेलच असे नाही. अशा गाड्यांची इंजिने अ‍ॅल्युमिनियमची, हलकी आणि उष्णतेला आणखी नाजूक. जुन्या फियाट जपणारे हौशी लोक आता त्यांत नवी जाळी, कुलंट आणि कुणी विजेचा पंखाही बसवतात, थर्मोस्टॅट शोधून परत घालतात. तरी त्यांचा मिस्त्री असो वा नव्या गाडीला संगणक जोडणारा तंत्रज्ञ, गाडी कधी तापते हा प्रश्न दोघांनाही विचारावाच लागतो. पट्टा जाऊन वायर आली असली तरी गर्दीत तापणारी गाडी आजही हवेचाच दोष सांगत असते आणि चढावर तापणारी पाण्याचा.